सिगारची हवा, बोंबलांचा वास

सिगार श्वास घेते, असं त्या दुकानाच्या मालकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हवा कोरडी झाली की तिचं वरचं पान तडकतं, दमट झाली की बुरशी धरते. "लहान बाळासारखं जपावं लागतं हो," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि शिडी मागितली. मला सेन्सर लावायचे होते. बाळाचं माझ्याकडे काही काम नव्हतं.

मी ज्या कंपनीत आहे ती अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल गाळ्यात चालते. माणसं मोजकीच. औषधांची गोदामं, आइस्क्रीमच्या कोल्डरूम, रक्तपेढ्यांचे फ्रीज अशा ठिकाणी आम्ही काडेपेटीएवढे वायरलेस सेन्सर बसवतो. ते आतला ओलावा आणि तापमान मोजतात, बाहेर ठेवलेल्या एका डबीला कळवतात, डबी ते इंटरनेटवर चढवते आणि आकडा माझ्या मोबाइलवर उमटतो. आकडा हद्दीबाहेर गेला की मोबाइल ओरडतो. मग मी ज्याला त्याला फोन करते किंवा स्वतः धावते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्यापासून हेच करतेय.

हे नवं काम अंधेरी पश्चिमेला होतं, आमच्या कोळीवाड्याला लागून उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत, तळमजल्यावर. पुढे काचेचं दुकान, मागे लाकडाने मढवलेली थंडगार खोली. तिथे देशोदेशीच्या सिगार पेट्यांमध्ये झोपलेल्या. काही दुकानाच्या, काही गिऱ्हाइकांच्या. ही बडी गिऱ्हाइकं स्वतःच्या सिगार तिथल्या कुलपाच्या कप्प्यांत ठेवायची, कारण घरी एवढी बडदास्त कोण ठेवणार. आत जायचे नियम होते. अंगाला सेंट नको, केसांना वासाचं तेल नको, हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे. दारावरच्या मुलीने माझी पिशवी उघडून आधी हुंगली. मी म्हटलं, "डबा आहे गं, चवळीची उसळ." तिने तो बाहेर ठेवून घेतला.

खोलीच्या मागच्या भिंतीला वर एक अरुंद खिडकी होती, न उघडणारी. शिडीवर चढल्यावर तिच्यातून मागचं मैदान दिसायचं. तिथे बांबूंच्या वलांडी उभ्या होत्या, म्हणजे उभे-आडवे बांबू बांधून केलेले मोठे सांगाडे. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, झालं. लांबून बघितलं तर चांदीची तोरणं वाटतात. उजवीकडून तिसरी वलांडी आमची होती. आई खाली बसून टोपलीतल्या जोड्या लावत होती.

"मागे ते काय आहे माहितीये?" मालकांनी खालून विचारलं.

"माहितीये सर. मी इथलीच. ती आमची वलांडी."

"अरे वा!" ते खूश झाले. "लोकल टॅलेंट!"

तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. घरापासून चालत जाण्याइतकं जवळ काम मिळालं, लोकांमध्ये सांगायला काहीतरी झालं.

सेन्सर बसवण्यापूर्वी ते खरं बोलतात की नाही हे तपासावं लागतं. त्याला साधं मीठ चालतं. वाटीत मीठ घ्यायचं, थोडं पाणी घालून चिखलासारखं करायचं आणि सेन्सरसकट एका बंद डब्यात ठेवायचं. मिठावरची हवा पंच्याहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. सेन्सरने तेवढाच आकडा दाखवला पाहिजे. मी हे घरी ओट्यावरच करत होते. आईने डबा बघितला.

"ये काय? मासं मिलालं नाय म्हनून यंत्र खारवतेस?"

मी तिला समजावलं. हवेत किती पाणी आहे ते हे मोजतं, आणि सिगारला सत्तरच्या आसपास लागतं, कमी नको, जास्त नको.

"म्हंजे आमी सुकवतो आनि ते ओलं ठेवतान. मधी एक भिंत." ती हसली. "तुजं बरं हाय. दोनीकडचं खातेस."

ती हे गमतीत म्हणाली होती. बाबा गेल्यापासून घर तिच्या सुक्या मासळीवर चाललं होतं, माझा डिप्लोमाही त्यातूनच झाला. आता माझा पगार आणि तिचे बोंबील, दोन्ही मिळून आमचं नीट चाललं होतं.

त्या हिवाळ्यात एक मजा व्हायची. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की आई सकाळी अंगणात उभी राहून नाकाने हवा ओढायची आणि म्हणायची, "आज झकास." त्या वाऱ्यावर बोंबील दोन दिवसांत कडक व्हायचे. आणि त्याच दिवशी माझा मोबाइल ओरडायला लागायचा, कारण खोलीचं दार उघडलं की तीच कोरडी हवा आत शिरायची आणि आकडा बासष्टवर घसरायचा. मी ओलावा सोडणाऱ्या मशीनचं पाणी बघायला धावायची, आई वलांडीवर बोंबील उलटत असायची. खिडकीतून मी हात केला की ती कोयता वर करून दाखवायची. आईच्या बाजूला काकी बसलेली असायची. ती आमच्या नात्यातली नव्हती. दोघी एकाच वर्षी लग्न करून वाड्यात आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या वलांडी शेजारी शेजारी होत्या. मला न्हाऊमाखू घालण्यात काकीचाही हात होता.

ती जागा मात्र कुणा कोळणीची नव्हती. ती एका जुन्या जमीनदार घराण्याची. म्हाताऱ्या मालकाने बायकांना वाळवण घालू दिलं, तोंडी. कधी कुणी कागद मागितला नाही, दिला नाही. म्हातारा वारला आणि मुलाने पुढची जमीन बिल्डरला दिली, त्यावरच ही इमारत उभी राहिली. मागचा तुकडा त्याच्याकडेच राहिला. बायकांना वाटलं, चला, वाचलो.

साधारण वर्षभराने सिगारवाल्या साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड नव्हता.

"एका गिऱ्हाइकाने सिगार परत केली. म्हणतो, पहिल्याच झुरक्याला मासळी बाजार आठवला. तुम्ही लगेच या."

मी गेले. ती सिगार त्यांनी माझ्या नाकाशी धरली. मला तंबाखूचाच वास आला, पण माझ्या नाकावर ते कसा विश्वास ठेवणार? ते तसं बोलले नाहीत, नुसते हसले. माझ्या कंपनीच्या सरांनी सांगितलं, आपल्याकडे वास पकडणारा सेन्सर आहे, तो लावून दे. मी लावला. हवेत वासाची द्रव्यं वाढली की तो आलेखावर लाल रेघ वर नेतो. वास कशाचा ते त्याला कळत नाही, वाढला एवढंच कळतं.

काही दिवस मी रेघ बघत बसले. ती दुपारी चढायची, रात्री खाली यायची. दाराशी तिचा संबंध दिसेना, दार बंद असतानाही चढायची. मग मी मागच्या बाजूने इमारतीला फेरी मारली आणि कपाळावर हात मारला. एसीवाल्या कंत्राटदाराने ताजी हवा आत घेणारं तोंड मागच्या भिंतीवर काढलं होतं, कमरेइतक्या उंचीवर, थेट वलांडींसमोर. उन्हात बोंबील तापले की वास सुटायचा आणि पंखा तो ओढून सिगारच्या खोलीत सोडायचा. एवढीच भानगड होती.

मी साहेबांना तिथे नेऊन दाखवलं. म्हटलं, "याला कोळशाचा फिल्टर बसवा, जमलं तर हे तोंड गच्चीवर न्या. वास बंद."

"नक्की?"

"नक्की सर."

त्यांनी फिल्टर बसवला. लाल रेघ त्या दिवशी खाली आली ती पुन्हा वर गेलीच नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने मला शाबासकी म्हणून भरलेलं पापलेट केलं. आम्हाला दोघींना वाटलं विषय संपला.

पण साहेबांच्या मनात तोपर्यंत दुसरंच सुरू झालं होतं. फिल्टर बघायला मागे आले तेव्हा त्यांना ती मोकळी जागा पहिल्यांदा नीट दिसली. पलीकडे खाडीचा तुकडा, संध्याकाळचा उजेड, वारा. तिथे लाकडी फळ्यांची जमीन घालून, खुर्च्या टाकून, गिऱ्हाइकांना सिगार ओढत बसता येईल, असं त्यांनी जागामालकाकडे बोलून टाकलं. जागामालकालाही भाडं न देणाऱ्या बायकांपेक्षा भाडं देणारा माणूस बरा. फक्त बायकांना उठवायचं म्हणजे वाड्यात बोंब होणार, म्हणून काहीतरी कारण पाहिजे होतं. ते माझ्या मोबाइलवर तयार होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला सरांनी एवढंच सांगितलं की क्लायंटकडे मीटिंग आहे, तुला आलेख समजावून सांगायचाय.

मी दुकानात शिरले तर पुढच्या चामडी खुर्च्यांवर वलांडीवाल्या बायका बसलेल्या. कुणी खुर्चीच्या अगदी काठावर, कुणी पाय वर घेऊन. काकी होती, आई होती. समोर चहाचे नाजूक कप, कुणी हात लावलेला नाही. जागामालक मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. आई माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवून विचारत होती, काय आहे हे? मला माहीत नव्हतं.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर साहेबांनी आलेख लावला. फिल्टरच्या आधीचा. लाल रेघ डोंगरासारखी.

"मॅडम, तुम्ही एक्सपर्ट आहात," साहेब म्हणाले. "ही रेघ वर का जाते, सांगा ना सगळ्यांना."

"बाहेरची हवा आत येते तेव्हा."

"आणि बाहेरच्या हवेत काय असतं?"

"वास."

"कशाचा?"

मी आईकडे बघितलं. ती खुर्चीच्या मुठीवरचं चामडं अंगठ्याने चाचपत होती. दुसरं उत्तर नव्हतंच. तिथे बसलेल्या प्रत्येकीला ते माहीत होतं.

"वाळत्या मासळीचा," मी म्हणाले, आणि श्वास न घेता पुढे बोलत गेले, "पण सर, ते हवेचं तोंड चुकीच्या जागी काढल्यामुळे. फिल्टर लावल्यापासून आत वास येत नाही. हा आलेख जुना आहे, नवा लावते, थांबा." मी पुढे होऊन नवा आलेख लावलासुद्धा. लाल रेघ जमिनीवर झोपलेली. "बघा. दोन महिने झाले, काही नाही."

सरांनी हळूच माझी बाही ओढली. "तेवढंच विचारलंय गं," ते पुटपुटले.

जागामालकाने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे वास आहे. बरोबर?"

"आहे, पण आत येत नाही."

"आहे ना? झालं तर मग. मशीन काय खोटं बोलत नाही."

"मशीन दोन्ही सांगतंय," मी म्हणाले. "तुम्ही दुसरं पण बघा ना."

त्याने बघितलं नाही. तो बायकांकडे वळला आणि म्हणाला की मला तुमच्याशी भांडायचं नाही, पण आता बाजूला लोक राहतात, दुकानं आहेत, तक्रारी येतात, तुमच्यातल्याच शिकलेल्या मुलीने सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. हा सीझन काढा. पुढच्यापासून दुसरीकडे बघा.

मग आई बोलली. मोठ्याने बोलली, बाजारात बोलते तशी.

"आनि तुमची मानसं मागच्या दाराशी उभी राहून चिरूट ओढतान, त्याचा वास आमच्या बोंबलांना लागतो. त्याचं मशीन हाय का?"

सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या. साहेब तर टाळी देण्याच्या बेतात होते. "मावशी भारी बोलतात!" ते म्हणाले. त्या हसण्यात मीटिंग संपली. आई विनोद करत नव्हती हे बहुतेक मला एकटीलाच कळलं.

बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना हे कशासाठी आहे?"

"मला काय माहीत? क्लायंटने डेटा मागितला, आपण दिला. डेटा त्यांचाच आहे." मग जरा नरमून म्हणाले, "इमोशनल होऊ नकोस यार. तू जे खरं तेच बोललीस."

संध्याकाळी आई चुलीपाशी बसून होती. गॅस असूनही मासळी भाजायला ती चूलच पेटवते. मी जवळ जाऊन बसले. तिने विस्तव सारखा केला.

"खोटं का नाय बोललीस?" तिने विचारलं.

"काय बोलणार होते? सगळ्यांना माहितीये वास येतो ते."

"येवरं शिकलीस. त्यांना काय कलत होतं त्या रेगेतलं? बोलायचं व्हतं, गटाराचा हाय. बोलायचं व्हतं, तुमच्या लाकडाचा हाय." ती चिडून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. "एक खोटं बोलता आलं नाय?"

मी म्हटलं की मी पुढचं खरंही सांगितलं होतं, फिल्टरचं.

"ते कोन आयकलं?"

मी तो प्रसंग मनात पुष्कळदा फिरवून बघितला आहे. गटाराचा म्हटलं असतं तर जागामालकाने दुसरं कारण काढलं असतं, हे मला कळतं. पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं असतं. त्यांनी माझंच तोंड वापरलं, आणि ते वापरायला मिळावं म्हणून मला मॅडम म्हटलं, याचा मला आजही संताप येतो.

मी गप्प बसले नाही. जागामालकाच्या ऑफिसात दोनदा गेले, त्याने बसवून ठेवलं आणि भेटला नाही. मग साहेबांकडे गेले. त्यांनी मात्र लगेच आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत. एक करू. तुमच्या आईची वलांडी राहू दे. अगदी कडेला घेऊ. एकीचा काय तो वास येणार."

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं कसं जमेल?"

मी घरी येऊन आईला सांगितलं, कारण लपवून ठेवणं बरोबर वाटलं नाही. तिने ऐकलं आणि हात झटकला. "मी येकटी तिथं काय करू? काकीच्या तोंडाकं कशी बगू? नाय सांग त्यांना."

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, विचार करा, घाई नाही.

सीझन संपला. पावसाच्या आधी बायका एरवी बांबू सोडून, बांधून ठेवतात. त्या वर्षी कुणी हात लावला नाही. मोडायचं तर त्यांनी मोडावं, असं काकी म्हणाली होती. एका सकाळी मजूर आले आणि त्यांनी वलांडी पाडायला सुरुवात केली. वाड्यातली माणसं कडेला उभी राहून बघत होती. मी आणि आई बाजारात मासळी उतरवून परत आलो तेव्हा काम संपलं होतं. बांबूंचा ढीग एका बाजूला पडला होता, दोऱ्या वेगळ्या.

उजवीकडून तिसरी वलांडी तशीच उभी होती.

आख्ख्या मोकळ्या मैदानात ती एकटीच. मजुरांनी तिच्या बुंध्याशी चुना टाकला होता, हिला हात लावायचा नाही म्हणून. साहेबांनी त्यांच्या मते आमच्यावर उपकार केला होता. मी नाही म्हटलं ते त्यांना शिष्टाचाराचं वाटलं असणार. आपण भीड म्हणून पहिल्यांदा नाही म्हणतो ना, तसं.

लोक वलांडीकडे बघत होते आणि मग आमच्याकडे. काकी पुढेच उभी होती. आई तिच्याकडे दोन पावलं गेली. "मी नाय सांगितलं यांना," आई म्हणाली. "माज्या गल्याशपथ, मी नाय बोलले होते."

"बरोबर हाय गं," काकी म्हणाली. "तुजी पोरगी त्यांच्यातली. तुजं राहनारच."

"काकी, मी स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं होतं," मी म्हणाले.

"तू बोलू नको. तू बोलतेस ना, मग आमचं असं व्हतं." तिने ढिगातला आपला एक बांबू ओळखून ओढून काढला, खांद्यावर घेतला आणि गेली. मागोमाग बाकीच्या गेल्या.

आईने कंबरेचा कोयता काढला. ती वलांडीपाशी गेली आणि एकेक गाठ तोडायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू हो बाजूला." मजूर तिला थांबवायला बघत होते, त्यांना वाटलं ही कोण बाई सेठची वलांडी तोडते. शेवटी एकट्या आईने सगळे बांबू जमिनीवर आणले. घामाने तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. पण हे बघायला वाड्यातलं कुणीच उरलं नव्हतं. सगळ्यांनी वलांडी उभी असलेली तेवढी बघितली.

त्यानंतर मी सरांना ते काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. त्यांनी दिलं. नोकरी मात्र सोडली नाही. सोडायला पाहिजे होती असं मला वाटत नाही. घरात दोघींपैकी एकीचं उत्पन्न गेलं होतं, दुसरीचं घालवून काय मिळणार होतं? पण आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर आता ती लाल रेघ आहे. डोंगर आणि शेजारी झोपलेली रेघ, दोन्ही. खाली लिहिलंय, वासाचं मूळ शोधून समस्या कायमची सोडवली. मी सरांना म्हटलं, हे काढा. ते म्हणाले, "अगं, तुझंच तर काम आहे ते. अभिमान वाटायला पाहिजे."

मागच्या मैदानात फळ्यांची जमीन झाली. संध्याकाळी दिवे लागतात, माणसं झाडांच्या कुंड्यांमध्ये बसून सिगार ओढतात. धूर वाऱ्याबरोबर वाड्यात येतो. शेवटच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला दम्याचा त्रास आहे, त्याच्या सुनेने एकदा जाऊन सांगितलं. तिला सांगण्यात आलं की मोकळ्या हवेत धूर राहत नाही. वास पकडणारा सेन्सर माझ्या पिशवीत होता. मी तो त्यांच्या खिडकीत आठवडाभर ठेवला. रेघ चढत होती. तो आलेख मी कुणाला दाखवायला नेणार होते? त्या सुनेला दाखवला. ती म्हणाली, "ताई, तुझ्या रेघा नको गं बाई," आणि सेन्सर माझ्या हातात परत दिला.

आईने एक सीझन आमच्या कौलांवर बोंबील घातले. मांजरं, कावळे आणि शेजारच्या इमारतीच्या तक्रारी यांतून जे उरलं ते विकलं. आता ती वाळलेला माल उत्तनच्या कोळणींकडून आणते आणि बाजारात बसते. हाताने वाळवलेला आणि आणलेला यात फरक असतो, तिची जुनी गिऱ्हाइकं बोंबील मोडून बघतात आणि विचारतात, "तुझा नाही वाटतं हा?" ती म्हणते, "नाय." हे खोटं तिलाही बोलता येत नाही.

बाजारात काकी तिच्यापासून दोन ओटे सोडून बसते. पूर्वी दोघींत एक तराजू होता. आता काकीने नवा घेतला. भांडण म्हणून कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, आमच्याकडे भांडणं जोरात होतात आणि मिटतातही. या दोघी एकमेकींना सुट्टे पैसे देतात, कुणी ओटा सोडून गेलं तर मालावर लक्ष ठेवतात, आणि बोलत नाहीत.

या वर्षी काकीच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्या वाड्यात लग्नाला कार्ड जातं ते बाहेरच्यांना. आतल्यांना घरची बाई येऊन बोलावून जाते, हळदीला चल म्हणून. त्या मुलीचे कान आईने आपल्या मांडीवर टोचून घेतले होते. आईने तिच्यासाठी पायातली जोडवी करून ठेवली होती.

हळदीच्या दिवशी दुपारपासून बँड वाजत होता. आईने आंघोळ केली, हिरवं लुगडं नेसली, अंबाड्यात फुलं माळली आणि दाराशी पाट टाकून बसली. मी म्हटलं, "आपणच जाऊया ना. बोलावायचं विसरली असेल गडबडीत."

"बोलवल्याशिवाय जात नाय कोन."

गल्लीतून बायका नटून जात होत्या. एक-दोघी आमच्या दारापाशी रेंगाळल्या, आईचं लुगडं बघून हसल्या, पुढे गेल्या. काकीची सून समोरून ताट घेऊन आली तेव्हा आई उठून उभी राहिली. सून शेजारच्या घरात शिरली, तिथल्या म्हातारीला हाताला धरून बाहेर आणलं आणि मान खाली घालून आमच्यासमोरून गेली.

दिवे लागले तेव्हा बँडवाल्यांनी आमच्याकडची जुनी गाणी धरली. आईला ती सगळी येतात, हळदीला तीच सुरुवात करून द्यायची. तिने केसांतली फुलं काढून ओट्यावर ठेवली.

"भात लाव," ती म्हणाली. "दोघींपुरता."